लाल दिवा ते मायनस एकवीस: पावसात गेलेलं घरचं नेट

मृग लागला की गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या वाड्यावाड्यांवर वीज जाते आणि तिच्या मागोमाग नेट जातं. वीज तासा-दोन तासांत येते. नेट येईलच असं नाही. आमचं नेट जूनमधल्या एका शनिवारी संध्याकाळी गेलं आणि पक्कं चालू झालं ते पुढच्या गुरुवारी. मधल्या दिवसांत काय काय तपासलं, कुठे वेळ वाचला आणि कुठे वाया गेला, ते घडलं त्या क्रमाने लिहितो आहे. जोडणी फायबरची आहे, म्हणजे खांबावरच्या डब्यापासून घरापर्यंत काचेच्या तंतूची केबल येते. त्यामुळे तांब्याच्या जुन्या लाइनवाल्यांना यातलं सगळंच लागू पडणार नाही.

शनिवारी साडेसहाच्या सुमारास गडगडायला लागलं तेव्हा मोडेमचा अडॅप्टर आणि कॉम्प्युटरला जाणारी लॅन केबल काढून ठेवली होती. फायबर काढायची गरज नसते, काचेतून वीज वाहत नाही. पण बाहेरच्या केबलला आधारासाठी जी पोलादी तार जोडलेली असते तिच्यातून वाहते. ती तार घराबाहेरच्या हुकाशीच संपायला हवी. आमच्याकडे ती भिंतीतून थेट मोडेमजवळ आली होती. हे चुकीचं आहे हे लक्षात आलं तेही या दुरुस्तीच्या निमित्तानेच.

आठ वाजता वीज आली. अडॅप्टर लावून तीन मिनिटं थांबलो, कारण मोडेमला सुरू होऊन कंपनीकडच्या यंत्राशी ओळख पटवायला तेवढा वेळ लागतोच. मग दिवे बघितले. पॉवरचा हिरवा, पॉनचा (फायबरवरच्या जोडणीचा) बंद, आणि एलओएसचा (सिग्नल हरवल्याचा) लाल दिवा लुकलुकत होता.

अर्धं निदान इथेच होतं. पॉन स्थिर हिरवा असेल तर प्रकाश येतोय आणि ओळखही पटली आहे. पॉन नुसता लुकलुकत राहिला तर प्रकाश पोचतोय, पण नोंद होत नाही. एलओएस लाल म्हणजे प्रकाश येतच नाही, किंवा इतका मंद येतो की मोडेमला तो वाचता येत नाही. अशा वेळी वाय-फायचा पासवर्ड बदलून किंवा मोडेम वीस वेळा बंद-चालू करून काही होत नाही. बिघाड मोडेमच्या मागे, केबलीत आहे.

दिवे नीट असते आणि तरी पान उघडत नसतं तर वाट वेगळी होती. तेव्हा कॉम्प्युटरवरून ८.८.८.८ ला पिंग करून, म्हणजे तिथून उत्तर येतं का ते बघायचं. पिंग जातं पण संकेतस्थळं उघडत नाहीत, तर दोष डीएनएसचा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधणाऱ्या सेवेचा. कॉम्प्युटरला १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी पत्ता मिळाला असेल तर त्याला मोडेमकडून पत्ताच मिळालेला नाही, म्हणून लॅन केबल किंवा मोडेम बघायचा. आणि पॉन हिरवा, पण इंटरनेटचा दिवा लाल किंवा बंद असेल तर आधी प्लॅनची मुदत संपली आहे का ते पाहायचं.

लाल दिव्यावर घरच्या घरी तपासता येण्यासारख्या गोष्टी थोड्याच. पहिली अडॅप्टर. आमचा १२ व्होल्टचा आहे, मल्टिमीटरवर १२.१ दाखवत होता. मात्र मोकळ्या अडॅप्टरचं हे माप फसवं असतं. खराब होत आलेला अडॅप्टरही मोकळा असताना बारा दाखवतो आणि मोडेम जोडला की खाली बसतो. त्याची खूण म्हणजे सगळे दिवे एकदम विझतात आणि मोडेम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. आमचा पॉवरचा दिवा जराही हलत नव्हता, त्यामुळे अडॅप्टर सुटला.

दुसरी गोष्ट मोडेमच्या खाली खोचलेला हिरवा जोड. हिरव्या जोडाचं काचेचं टोक ८ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं. हिरव्यात निळा बसवला तर तो बसतो खरा, पण दोन टोकं एकमेकांना नीट टेकत नाहीत आणि प्रकाश वाया जातो. म्हणून दुकानातून पॅचकॉर्ड (दोन्ही टोकांना जोड असलेली छोटी फायबर) आणताना दोन्ही टोकांचा रंग बघून घ्या. मी जोड एकदाच काढला, ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने, तंतू न सोडणाऱ्या कापडाने टोक एका दिशेने पुसलं आणि टक् आवाज येईपर्यंत परत बसवलं. ज्या गाभ्यातून प्रकाश जातो तो ९ मायक्रॉनचा, आपल्या केसाहून कितीतरी बारीक. शर्टाच्या टोकाने पुसलं तर साफ होण्याऐवजी कचराच बसतो. सारखं काढ-घाल करूनही तेच होतं. आणि त्या टोकात डोळा लावून कधीही बघायचं नाही. मोडेमकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा असतो, तो डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

तिसरी गोष्ट कपाटामागचं वळण. फायबरचं वेटोळं छोट्या वाटीच्या तोंडाएवढं, म्हणजे सहा सेंटिमीटर व्यासाचं तरी असावं. घरातल्या वापरासाठीच्या नव्या फायबरला याहून लहान वळण चालतं, पण आपली कोणती हे माहीत नसेल तर सहाचा हिशेब धरा. आमचं वळण ठीक होतं.

मग शेजारच्या वहिनींना फोन केला. त्यांचं नेट चालू होतं. या एका फोनने पुढचा निम्मा शोध वाचला. खांबावरच्या डब्यात येणारी एक फायबर स्प्लिटरने आठ, सोळा किंवा बत्तीस घरांत वाटलेली असते. शेजाऱ्यांचं, तेही त्याच डब्यावरचं, बंद असेल तर बिघाड वरच्या मुख्य लाइनचा, आणि मग वाट बघण्याशिवाय उपाय नाही. त्यांचं चालू आणि आपलं बंद, तर डब्यापासून आपल्या घरापर्यंतची केबल गेली असं समजायचं.

रात्री नऊला तक्रार नोंदवली. ‘नेट चालत नाही’ एवढंच सांगितलं की पलीकडून मोडेम बंद-चालू करायला सांगतात आणि दहा मिनिटं जातात. मी सरळ सांगितलं: एलओएस लाल, पॉन बंद, अडॅप्टर ठीक, जोड साफ केला, त्याच डब्यावरच्या शेजाऱ्यांचं चालू आहे, घरापर्यंतची केबल तुटल्यासारखी वाटते, शिडी आणि लाल लेझर घेऊन माणूस पाठवा. तक्रारीचा डॉकेट नंबर एसएमएसने येतो. तो आल्याशिवाय फोन ठेवू नका, पुढचं सगळं त्या नंबरावर चालतं.

रविवारी कोणी येणार नव्हतं, म्हणून सकाळी पाऊस थांबल्यावर लाइन नजरेखालून घातली. डब्यापासून घरापर्यंत साधारण नव्वद मीटर, त्यातला मोठा भाग कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) कडेने, माड आणि पोफळींच्या मधून. केबल जमिनीवरूनच बघायची. खांबाला किंवा लोंबणाऱ्या तारेला हात लावायचा नाही, कारण त्याच खांबावर वीज खात्याच्या तारा असतात आणि कुठली तार कशाला टेकली आहे हे खालून कळत नाही. घरापासून चाळीसेक मीटरवर एक वाळलेलं चुडत (माडाची झावळी) केबलीवर आडवं पडलं होतं आणि केबल पोटात खूप खाली आली होती. वरचं काळं आवरण कुठेही फाटलेलं नव्हतं, पोलादी तारही शाबूत. यावरून केबल धड आहे असं समजू नये. आतली काच दणक्याने किंवा कोपऱ्यात मुडपून तुटते आणि बाहेरून काही दिसत नाही. कुळागरात दुसरं नेहमीचं कारण म्हणजे खार. तिने कुरतडलेलं मात्र दिसतं, आवरणावर लागोपाठ बारीक दातांचे चरे असतात. मी तीन फोटो काढून ठेवले.

सोमवारी बाराच्या सुमारास लाइनवरचा मुलगा आला. मोडेमची फायबर काढून मीटरला लावली, मीटरवर ‘लो’. मग आमच्याच टोकातून लाल लेझर सोडला. हा लेझर डोळ्यांना दिसणारा असतो, तुटलेल्या जागी तो आवरणातून लाल पाझरतो. भर दुपारी दिसणं कठीण, पण आभाळ भरलेलं होतं आणि पोफळींची सावली होती. चुडताच्या जागेपासून दोन हातांवर केबलीत लाल ठिपका उमटला. तक्रार करताना संध्याकाळची वेळ मागून घेता आली तर बघा, काळोख पडायच्या सुमारास हा ठिपका लांबूनही दिसतो.

फोटो आणि जागा आधीच हाताशी असल्याने शोध पाच मिनिटांत संपला. जोड मात्र कच्चा पडला. त्याच्याकडे फ्यूजन मशीन, म्हणजे काचेची टोकं वितळवून जोडणारं यंत्र, नव्हतं. त्याने दोन टोकं सोलून, कापून, दाबाच्या यांत्रिक जोडात बसवली आणि तो जोड प्लॅस्टिकच्या डबीत घालून माडाला बांधला. पॉन हिरवा झाला. पण मोडेम तेवढ्यात ‘ताजा’ करावा म्हणून त्याने मागच्या बारीक भोकात पिन दाबली, आणि मोडेममधली सगळी जुळणी पुसली गेली. पिनेचं रीसेट म्हणजे नुसतं बंद-चालू करणं नव्हे. पीपीपीओईचं (कंपनीकडे लॉगिन करण्याचं) युजरनेम, पासवर्ड, व्हीलॅनचा (कंपनीने दिलेल्या जोडणीच्या वाटेचा) आकडा, सगळं जातं. माझ्याकडे त्या पानांचे फोटो होते म्हणून दहा मिनिटांत परत भरता आलं. तुमचं नेट आज चालू असेल तर आजच हे करून ठेवा: ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका (काही मोडेमचा पत्ता वेगळा असतो, तो आणि युजरनेम-पासवर्ड खालच्या स्टिकरवर छापलेले असतात), वॅनच्या (बाहेरच्या जोडणीच्या) आणि ऑप्टिकलच्या (प्रकाशाच्या) पानांचे फोटो काढा. पीपीपीओईचा पासवर्ड पडद्यावर ठिपक्यांनी झाकलेला असतो, तो कंपनीकडून विचारून वेगळा लिहून ठेवावा लागतो.

ऑप्टिकलच्या पानावरचा आरएक्स पॉवर, म्हणजे मोडेमपर्यंत किती प्रकाश पोचतो तो आकडा, या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. लाइनवरची मुलं याला नुसतं ‘पॉवर’ म्हणतात आणि ‘मायनस वीस येतंय’ असं बोलतात. हा आकडा डीबीएम या प्रकाशाच्या ताकदीच्या एककात असतो आणि उणे असतो, म्हणजे वीस हे सव्वीसपेक्षा चांगलं. घरगुती मोडेमला साधारण उणे ८ ते उणे २७ या पट्ट्यात प्रकाश लागतो. काठावर राहण्यात अर्थ नसतो, उणे २४-२५ च्या आत असेल तर निर्धास्त. प्रत्येक ३ डीबी घट म्हणजे प्रकाश निम्मा. स्प्लिटर स्वतःच बराच प्रकाश खातो, बत्तीस घरांचा असेल तर १७ डीबीच्या आसपास. त्या मानाने केबलीची लांबी फारशी खात नाही, किलोमीटरला अर्ध्या डीबीहूनही कमी. म्हणून आकडा अचानक पाच-सहा डीबींनी पडला तर तो अंतराचा दोष नसतो. कुठेतरी जोड, वळण किंवा घाण आहे.

मेमध्ये मी लिहून ठेवलेला आकडा उणे २०.८ होता. सोमवारी जोडणीनंतर आला उणे २६.४. म्हणजे पूर्वीच्या चौथ्या हिश्शाच्या आसपासच प्रकाश उरला होता. नेट चालू होतं, वेगही पूर्ण येत होता, म्हणून मी काम पूर्ण झाल्याचा ओटीपी देऊन टाकला. ही घाई नको होती. आकडा दाखवून तिथेच सांगायला हवं होतं की ५.६ डीबींची घट एका जोडात बसत नाही. चांगला यांत्रिक जोड अर्धा डीबीच्या आत खातो, फ्यूजनचा जोड तर ०.१ च्याही आत.

मंगळवारी दिवसभर काही झालं नाही. रात्री अकराला जोराची सर आली आणि नेट दर दहा-पंधरा मिनिटांनी जायला लागलं. एलओएस लाल होई, दीड-दोन मिनिटांत पॉन परत हिरवा. चालू असतानाचा आकडा उणे २८.३. दर वेळी वेळ आणि आकडा वहीत लिहिला, पाच-सहा नोंदी झाल्या. डबीला सील नव्हतं, आत पाणी गेलं होतं, आणि वाऱ्याने माड हलला की जोडही हलत होता. असा अधूनमधून येणारा बिघाड कंपनीला पटवणं सगळ्यात अवघड, कारण माणूस येतो तेव्हा नेट चालू असतं. आकड्यांची नोंद असेल तरच बोलणं पुढे सरकतं.

बुधवारी सकाळी फोन केला तर आधीची तक्रार ‘निवारण झाली’ म्हणून बंद. तीच उघडा म्हटलं, जमलं नाही, नवा डॉकेट नंबर मिळाला. नव्या तक्रारीत जुना नंबर आवर्जून लिहून घ्यायला लावला आणि मागणी स्पष्ट केली: फ्यूजन मशीन घेऊन या, आणि मधला जोड काढून डब्यापासून घरापर्यंत अखंड केबल टाका. नव्वद मीटर केबलीत मध्येच जोड ठेवण्याचं काही कारण नाही. पावसाळ्यात तर नाहीच.

गुरुवारी दहाला दोघे आले. शिडी, केबलचं बंडल, मशीन. नवी केबल माडांपासून दूर, रस्त्याच्या बाजूने ओढली. दोन्ही टोकांचं काम घराच्या पडवीत आणि खांबावरच्या डब्यापाशी. पडवीतलं मी जवळून बघितलं. आवरण सोलल्यावर आत केसासारखा तंतू उरतो. त्यावरचा पातळ लेप स्ट्रिपरने काढला, अल्कोहोलने पुसला, पुसताना काच किंचित किणकिणली. क्लीव्हरमध्ये ठेवून काटकोनात कापला. दुसऱ्या टोकाचंही तसंच. जोड झाकणारी नळी आधीच एका तंतूत ओवावी लागते, विसरलं तर परत कापायचं. मशीनच्या छोट्या पडद्यावर दोन काचा समोरासमोर आल्या, एक ठिणगी, आणि मधली रेघ नाहीशी झाली. पडद्यावर अंदाजे घट ०.०२ डीबी. मग नळी मशीनच्याच तापकात अर्धा मिनिट. कापलेले काचेचे तुकडे त्याने चिकटपट्टीवर गोळा केले. हे महत्त्वाचं आहे, ते तुकडे दिसत नाहीत, पण अनवाणी पायात किंवा लहान मुलाच्या बोटात शिरतात. काम होईपर्यंत मुलांना पडवीत येऊ देऊ नका.

मोडेमवर आकडा आला उणे २१.२.

ते जाण्याआधी तीन गोष्टी करून घेतल्या. पोलादी तार बाहेरच्या हुकाशी कापली, आत फक्त फायबर आली. केबल भोकात शिरण्याआधी खाली झुकून मग वर येईल असा झोल ठेवला, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी गळून जातं, घरात येत नाही. चिऱ्याच्या भिंतीतलं भोकही आतून बाहेर उतरतं पाडलं आणि सिलिकोनने बुजवलं. चिरा पाणी पितो, भोक उघडं राहिलं तर दोन पावसाळ्यांत आतला गिलावा फुगतो. शिवाय दोन मीटर जादा केबल बाहेर गुंडाळून ठेवली, पुढे टोक पुन्हा कापायची वेळ आली तर उपयोगी पडेल.

खर्च असा: नव्वद मीटर केबल १२ रुपये मीटरने १,०८० आणि दोन जोडांचे ३००, एकूण १,३८० रुपये, पावतीसह. केबल बदलीचा खर्च कोणाचा, हे माणूस शिडीवर चढण्याआधी विचारा. नंतर १,३५० रुपयांचा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घेतला, तो मोडेमला तीनेक तास पुरतो. घेताना अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट, अँपिअर आणि पिनेची जाडी जुळवून घ्या.

वेग तपासताना अजून एक सापडलं. प्लॅन २०० एमबीपीएसचा, फोनवर वाय-फायने १९०, पण कॉम्प्युटरवर ९४. आकडा चौऱ्याण्णवच्या आसपास अडकला की लॅन केबल बघायची. आठ तारांतली एखादी तुटली किंवा पिन गंजली की जोड गिगाबिटवरून शंभरवर उतरतो, कारण शंभरला चारच तारा पुरतात. आमच्या केबलीच्या एका टोकाच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. टोक कापून नवं आरजे-४५ (लॅन केबलचं टोक) दाबून बसवलं, काम झालं. मागच्या खोलीत वाय-फाय मंद येणं ही गोष्ट मात्र वेगळी, जाड चिऱ्याच्या दोन भिंतींपलीकडे पाच गिगाहर्ट्झ पोचत नाही. तिथे लॅन केबल नेऊन दुसरा राउटर ठेवणं हाच खरा उपाय.

राहिली नेटच्या भाड्यातली सूट. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) सेवा-गुणवत्तेच्या नियमांनुसार घरच्या जोडणीचा बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही तर ग्राहकाला भाड्यात सूट किंवा मुदतवाढ द्यावी लागते. अडचण अशी की सोमवारी ओटीपी दिल्यामुळे कागदावर दोन वेगळे बिघाड झाले होते, आणि दोन्ही तीन दिवसांच्या आतले. म्हणून ईमेलमध्ये दोन्ही डॉकेट नंबर, चारही आकडे तारखांसह आणि दोन्ही वेळचे फोटो जोडले, आणि पहिला जोड सदोष असल्याने बिघाड एकच होता असं लिहिलं. आठवड्याने सात दिवसांची मुदतवाढ मिळाली. उत्तर आलंच नसतं तर पुढची पायरी कंपनीच्याच अपील प्राधिकरणाची: तीस दिवसांच्या आत अपील करायचं, फी नाही, आणि निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिथे पत्र पाठवण्यात वेळ घालवू नका.

त्यानंतरच्या मोठ्या पावसात रात्री दोनदा उठून आकडा बघितला, उणे २१.२ आणि उणे २१.३. तो तारखेसह मोडेमखालच्या स्टिकरजवळ चिकटवून ठेवला आहे. कुळागरात नारळ पाडायला पाडेली येईल तेव्हा केबलीच्या बाजूच्या माडांची वाळलेली चुडतं दोरीला बांधून उतरवायची, हेही त्याला सांगून झालं आहे.